गोंगाटात बोललेलं

फाटकावरच्या बाईने धाकट्याकडे बघून विचारलं, "सोबत मोठं माणूस कोण?" आणि बापाने सवयीने हात वर केला, वर्गात हजेरी देतात तसा. गेली दोन-अडीच वर्षं हा प्रश्न आला की हात वर करायचा, बाईने मनगटावर पिवळी कागदी पट्टी डकवायची आणि तिघांनी आत शिरायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आताशा तो घरातून निघतानाच डाव्या बाहीचं बटण सोडून ठेवायचा. सोळा वर्षांखालच्या मुलाला अशा कार्यक्रमांना एकट्याने सोडत नाहीत, बरोबर सज्ञान माणूस लागतो, आणि त्या माणसाची खूण म्हणून ती पट्टी. पण आज बाई त्याच्याकडे बघतच नव्हती. थोरलीने पुढे होऊन आपलं ओळखपत्र तिच्या नाकासमोर धरलं होतं. "मी," ती म्हणाली. "त्याची बहीण. मला अठरा पूर्ण झाली." बाईने तारीख बघितली, ओठ हलवत हिशेब केला आणि पट्टी थोरलीच्या मनगटावर डकवून टाकली. त्याचा हात अजून वरच होता. तो त्याने केसांतून फिरवून खाली आणला.

"माझं तिकीट आहे ना?" त्याने विचारलं. विचारायचं होतं दुसरंच काहीतरी.

"आहे की. ये ना तू." थोरली पट्टी मनगटावर फिरवून बघत होती. "फक्त आज आमच्याजवळ नको उभा राहू, बाबा. वर बसायला बाकं आहेत."

"का गं?"

"असंच."

असंच म्हटलं की पुढे काही विचारायचं नाही, हा त्या घराचा कायदा होता. मुलांच्या आईने केलेला आणि ती गेल्यावरही तसाच चालू राहिलेला. धाकट्याने मध्येच एक छोटी गोल डबी त्याच्या हातात कोंबली. "ही ठेव तुझ्याकडे. ताईच्या खिशात मावत नाही." कानात घालायच्या बुचांची ती डबी. बुचं कानात गेली की रिकामी डबी कुठे ठेवायची हा प्रश्न दर वेळी पडायचा आणि दर वेळी ती त्याच्याच कोटात यायची. चला, डबी सांभाळायचं काम तरी शिल्लक आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला. दोघं गर्दीत शिरली. थोरलीने धाकट्याचा दंड धरला होता, तो इतके दिवस धरायचा तसाच, कोपराच्या जरा वर.

वरच्या बाकांवर त्याच्यासारखेच चार-दोन आईबाप विखरून बसले होते. एकाने वर्तमानपत्र उघडलं होतं, एका बाईने विणकाम काढलं होतं. सगळ्यांचा चेहरा इस्पितळाच्या व्हरांड्यात बसल्यासारखा. आत काय चाललंय ते आपल्या हातात नाही, सुटका झाली की घरी न्यायचं. तो आजवर इथे कधी बसला नव्हता. त्याची जागा खाली, मुलांच्या घामट गर्दीत, थोरलीच्या बरोब्बर मागे. दुपारचा कार्यक्रम होता, वरच्या झरोक्यांतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. एरवी इथे खेळाचे सामने होत असावेत. जमिनीवर रंगीत रेघा होत्या आणि पोरं त्या रेघांवर मांडी घालून बसली होती. त्याने छताकडे बघितलं. पत्रा. भिंती नुसत्या विटांच्या, वरून रंग. इथे आवाज पत्र्यावर आपटून दुप्पट होऊन डोक्यावर पडणार. ज्याने हे बांधलं त्याला कान नसावेत, असं त्याने ठरवूनही टाकलं. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची ही सवय कारागीर माणसाची. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

तो आवाज अडवणाऱ्या खिडक्या बसवायचा. लोकांच्या घरी जायचं, आवाज मोजायचं यंत्र खोलीच्या मधोमध ठेवायचं, सगळ्यांना गप्प बसायला सांगायचं आणि काट्याकडे बघत राहायचं. यंत्र लागलं की माणसं श्वास रोखून उभी राहतात, जणू त्यांच्याच अंगातलं काही मोजलं जातंय. मग दुहेरी काच, रबरी पट्ट्या, फटी बुजवणं. रस्ता बाहेर राहतो, शेजाऱ्याचं कुत्रं बाहेर राहतं, वरच्या मजल्यावरचं भांडण बाहेर राहतं. गिऱ्हाईक दोन दिवस खूश असतं. आठवडाभराने त्यातल्या काहींचा फोन येतो. एक निवृत्त शिक्षिका म्हणाली होती, "अहो, आता जरा जास्तच शांत झालंय. काही करता येईल का?" त्याने विचारलं, "एखादी फट ठेवून देऊ का बाई?" ती हसली नाही. "ठेवाच," म्हणाली. तो गेला आणि नवीकोरी पट्टी एका कोपऱ्यात कापून आला. तेव्हा त्याला तिची गंमत वाटली होती. घरी येऊन बायकोला सांगायला एक किस्सा मिळाला म्हणून तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला होता. तेव्हा बायकोला किस्से ऐकवता येत असत.

नंतर तिला काही ऐकवायची सोय उरली नाही. दुखणं डोक्यातलं होतं आणि ते आवाजाने खवळायचं. चमचा बशीवर टेकला तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. मुलं घरात चोरासारखी वावरायला शिकली. कपाटाचं दार बोटं मध्ये घालून लावायचं, खुर्ची उचलून सरकवायची, धाकटा शिंक आली की उशीत तोंड खुपसायचा. मग त्याने आतली खोली करायला घेतली. जन्मभर परक्यांसाठी केलं ते एकदा घरच्या माणसासाठी. खिडकीला दोन काचा आणि मध्ये वीतभर पोकळी, दाराला जाड फळी आणि चारी बाजूंनी रबर, भिंतींना आतून अस्तर. दार ओढून घेतलं की हवा दबल्याचा हलका आवाज व्हायचा आणि मग काही नाही. इतकं चोख काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. पहिल्या दिवशी ती आत आडवी झाली, बऱ्याच वेळाने तिने खूण करून त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "सुटले रे." त्याचे डोळे भरून आले होते. तो दाराबाहेर येऊन मुलांना म्हणाला, "आता बोला, हसा, काय करायचं ते करा." पण मुलांना ते काही जमलं नाही. सवय मोडली होती.

आत आवाज जात नाही तसा बाहेरही येत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. म्हणून त्याने तिच्या उशाशी एक बटण बसवलं आणि बाहेरच्या खोलीत, मुलांच्या टेबलावरच्या भिंतीवर, एक लाल दिवा. तिने बटण दाबलं की दिवा लागायचा आणि कुणी आत जाऊन पुन्हा दाबेपर्यंत लागलेलाच राहायचा. बहुतेक वेळा पडदा सारायला, नाहीतर पाण्याला. त्या दिवशी तो गिऱ्हाइकाकडे होता, धाकटा शाळेत. थोरली टेबलाशी अभ्यासाला बसलेली, कानांवर हेडफोन. तेही त्यानेच आणून दिलेले, घरात गाणी वाजवता येत नाहीत म्हणून. तो घरी आला तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून झोपली होती आणि हेडफोनमधून गाणं बारीक झिरपत होतं. भिंतीवर उतरतं ऊन आडवं पसरलं होतं, आणि त्या उन्हात दिवा लागलेला होता. दिवा तिथे बसवताना दुपारचं ऊन नेमकं त्या भिंतीवर येतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आवाजाचा माणूस तो, उजेडाचा नव्हे. तो आत गेला. आत सगळं आटोपलं होतं. तिची बोटं अजून बटणापाशी होती. त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की बटण दाबून दिवा विझवला. डॉक्टर नंतर, रडणं नंतर, पोरीला उठवणंही नंतर. डॉक्टर म्हणाले, शेजारी कुणी असतं तरी फरक पडला नसता. डॉक्टर असं म्हणतातच. थोरलीने त्याला एकदाच विचारलं, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून: "तिने बटण नव्हतं दाबलं?" तो म्हणाला, "नाही. झोपेतच गेली." ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने मान हलवली. तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातून बाकी सगळं बिघडलं तरी चालेल, पण दिवा लागला होता हे या पोरीला कधी कळता कामा नये, एवढी एक गोष्ट त्याने त्या दिवशी उराशी धरली. ती एवढी एकच गोष्ट आपण धड केली, असं त्याला वाटायचं.

पण धड केलेल्या गोष्टीलाही आतून कीड लागते. दिवा विझवणारा हात त्याचा, आणि त्याच हाताने पोरीला धरून गदागदा हलवावं असंही त्याला वाटायचं. एकदा मान वर करून बघितलं असतंस तर? ती दूध ओतत असायची, केस विंचरत असायची, धाकट्याच्या शर्टाचं बटण लावत असायची, आणि हा प्रश्न त्याच्या घशाशी येऊन बसायचा. मग तो तिच्याशी बोलेनासा व्हायचा. ती काही विचारायची आणि तो धाकट्याकडे बघून उत्तर द्यायचा. आपण चुकतोय हे त्याला कळत होतं. आतली खोली बंद होती, पण घर त्या खोलीसारखंच झालं होतं. तिघं अजूनही कपाटाच्या दारात बोटं घालत होती. असेच काही महिने गेले आणि एका संध्याकाळी थोरलीने टेबलावर तिकिटं ठेवली. "मला जायचंय," ती म्हणाली. "ह्यालाही न्यायचंय. पण मोठं माणूस लागतं." मोठं माणूस लागतं, हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की कार्यक्रम कसला हेही त्याने विचारलं नाही.

तो रॉकचा कार्यक्रम निघाला. गाण्यातलं त्याला तेव्हा काही कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. गायक तोंड वेडंवाकडं करून कशावर तरी चिडलेला असतो एवढं समजतं. पण कानाची काळजी हा त्याचा प्रांत. त्याने दोघांसाठी चांगल्यातली बुचं आणली, ग्राहकाला समजावतात तशी समजावली: "ही गोंगाट कापतात, पण शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येतं. कानातून काढायची नाहीत. मला शब्द द्या." धाकट्याने पहिल्याच गाण्याला ती काढून खिशात टाकली. थोरलीनेही केसांखाली हात नेलेला त्याने बघितला, हात मुठीत मिटून खाली आला, तेव्हा हिनेही काढलीच असं तो धरून चालला. पहिल्याच दिवशी कटकट नको म्हणून तो काही बोलला नाही. स्वतः तर तो बुचं घालायचाच नाही. आठवडाभर लोकांच्या घरातली शांतता मोजणाऱ्या माणसाला तो आवाज अंगभर हवासा वाटला. ड्रमचा ठोका बरगड्यांत उमटायचा, दात एकमेकांवर वाजायचे. गंमत म्हणून त्याने स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं. ऐकू आलं नाही. मग त्याने आपल्या साहेबाला एक ठेवणीतली शिवी दिली. तीही ऐकू आली नाही. शेजारचा पोरगा उड्या मारत होता, कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. मग तो बायकोशी बोलला. किती तरी दिवसांचं साचलेलं. शिक्षिकेने आणखी एक फट ठेवायला सांगितली, धाकट्याचा आवाज फुटला, तुझी शाल सापडत नाही. तोंड हलत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि बाहेर काही येत नव्हतं. इतकी मोकळीक त्याला आयुष्यात कुठे मिळाली नव्हती.

पुढच्या एका कार्यक्रमाला गर्दीने त्याला थोरलीच्या पाठीशी इतकं दाबलं की तिचे केस त्याच्या ओठांना लागत होते. घशाशी बसलेला प्रश्न तेव्हा आपणहून बाहेर पडला. "दिवा लागला होता," तो म्हणाला. "तू तिथेच होतीस. एकदा मान वर करून बघितलं असतंस तर." बोलून झाल्यावर त्याने चपापून तिच्याकडे बघितलं. थोरली हललीसुद्धा नाही. मान ताठ करून स्टेजकडे बघत राहिली, इतकी गाण्यात रमलेली. मग तो पुन्हा बोलला, आणि मग गाणं संपेपर्यंत बोलत राहिला. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने मुलांना ऑम्लेट करून घातलं, गिऱ्हाइकांच्या नकला केल्या, थोरलीच्या डोक्यावर टपली मारली. दोघं हसली. पुढचे कित्येक दिवस घरात बरं चाललं. मग ते पुन्हा आत साचायला लागलं, तो पुन्हा तिची नजर टाळायला लागला, आणि नेमक्या अशा वेळी टेबलावर तिकिटं दिसायची. पोरीला बरोब्बर कसं कळतं, याचं त्याला कौतुक वाटायचं. दर वेळी तो तेच बोलायचा. कधी हळू, कधी ओरडून. एकदा तर त्याने तिला, मेल्यावर आईला काय तोंड दाखवशील, असंही विचारलं होतं. बाहेर पडल्यावर त्याने तिघांना आइसक्रीम घेतलं होतं.

खाली पहिला बँड संपला. टाळ्या, शिट्ट्या, आणि मग नुसती कुजबुज. माणसं वायरी गुंडाळत इकडून तिकडे फिरू लागली. त्याने दोघांना शोधलं. थोरलीचं डोकं दिसलं, धाकट्याचं दिसेना, आणि तेवढ्यात धाकटाच धापा टाकत पायऱ्या चढून आला आणि शेजारी बसला.

"ताईने पाठवलं?"

"नाही. पाणी प्यायला आलो." हातात पाण्याची बाटली नव्हती.

"मी काय केलं रे?" त्याने विचारलं. आवाज हसरा ठेवायचा प्रयत्न केला. "वास मारतो का अंगाला?"

धाकटा बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. "तू बोलतोस ना. गाणं चालू असताना."

"मी? छे. गुणगुणत असेन."

"ताईला ऐकू येतं, बाबा."

"त्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार?"

"तिच्या कानात बुचं असतात ना. तूच म्हणाला होतास, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं म्हणून."

"ती तर काढून टाकते."

"मी काढतो," धाकटा म्हणाला. "ती कधीच नाही काढत. तुला शब्द दिलाय म्हणते."

विणकाम करणाऱ्या बाईचा लोकरीचा गुंडा खाली घरंगळला आणि तिने तो पायाने अडवला. तो तिच्या पायाकडे बघत राहिला. "काय ऐकलं तिने?"

"मला सांगत नाही. मी विचारलं तर म्हणते, बोलू दे त्याला, बोलला की घरी येऊन बरा असतो." धाकट्याने नाडी सोडून पुन्हा बांधली. "तिकिटं त्यासाठीच काढते ती. तिला हा बँड आवडतसुद्धा नाही. मला आवडतो."

"मग आज काय झालं?"

"काही नाही. आज नको म्हणाली. तू रागावू नकोस हां तिच्यावर." आणि तो उठून खाली पळाला, कारण दिवे मंद व्हायला लागले होते.

तो बसून राहिला. ताठ मान. गाण्यात रमलेली मान म्हणून जिच्याकडे तो कौतुकाने बघायचा ती मान. एकेक कार्यक्रम, एकेक हॉल, एकेक वाक्य त्याला आठवायला लागलं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती मान. जगात एकाच माणसाला जे कळू द्यायचं नव्हतं ते त्याने त्याच माणसाच्या कानात, बुचं घालून, शब्द घेऊन, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. आणि ती पोरगी पुढचं तिकीट काढत होती. त्याने पुढे वाकून डोकं दोन्ही हातांत धरलं. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "आवाजाचा त्रास होतो." बाई म्हणाली, "मलाही."

मोठा बँड सुरू झाला आणि पत्रा थरथरला. तेव्हाच त्याला ते सुचलं. तिला ऐकू येतं. ऐकू येतं तर आज दुसरं काही सांगता येईल. दिव्याची वायर ढिली होती. दार जोरात लागलं की दिवा आपोआप लागायचा, दुरुस्त करायचं राहून गेलं, आणि त्या दिवशीही तसंच झालं असणार, मीच तो बसवला होता म्हणून मला ठाऊक. तो मनात घोळवत गेला तसं ते त्याला पटायला लागलं. कामाची माहिती असलेल्या माणसाचं खोटं घट्ट बसतं, फट राहत नाही. समोरासमोर सांगितलं तर तिला कळेल की बाप समजूत काढतोय. पण गाण्यात, स्वतःशी बोलल्यासारखं सांगितलं तर ती विश्वास ठेवेल, कारण तिथे तो आजवर खरंच बोलत आलाय. किती तरी दिवसांनी त्याच्या पायांत जोर आला. तो धडाधड पायऱ्या उतरला, गर्दीत घुसला, कुणाचं कोपर बरगडीत बसलं, कुणीतरी शिवी दिली असावी. धाकटा पुढे कठड्याशी उड्या मारत होता. थोरली त्याच्या मागे दोन हातांवर, मोठ्या स्पीकरच्या अंगाला, एकटी उभी होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला, नेहमीच्या जागी, आणि तिच्या केसांशी तोंड नेऊन बोलला. "तो दिवा आपोआप लागायचा. वायर ढिली होती. तिने बोलावलंच नव्हतं. माझं चुकलं, मी उगाच तुला बोलत होतो." त्याने ते पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा स्वतःचाच विश्वास बसला, आणि त्याला रडू आलं.

मान ताठ झाली नाही. ती हलत होती, ठेक्यावर, सैल. उकडत होतं म्हणून थोरलीने दोन्ही हातांनी केस गोळा करून वर धरले आणि तिचा कान त्याच्यासमोर आला. उघडा, लाल झालेला, आत काही नसलेला. त्याने कोटात हात घालून डबी काढली आणि उघडली. दोन्ही बुचं जागच्या जागी होती.

तिच्या खांद्यावर हात ठेवावा, बुचं पुढे करावी, असं त्याने ठरवलं होतं की नाही ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. स्पीकर इतका जवळ होता की डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते. त्याने बुचं स्वतःच्याच कानात घातली. डावं जरा जास्तच आत गेलं. गोंगाट एकदम मागे सरला, जाड दार ओढून घेतल्यासारखा, आणि त्या दाराच्या अलीकडे एक आवाज उरला, अगदी शेजारचा. थोरली गात असावी असं त्याला वाटलं. तो जरा वाकला. ती गात नव्हती.

"मला दिसला होता, आई," ती म्हणत होती. धडा पाठ म्हणून दाखवावा तशा सपाट आवाजात. "लागला तेव्हाच दिसला होता. मला वाटलं पडदा सारायचा असेल. म्हटलं एवढं गाणं संपलं की जाते. मग दुसरं लागलं. मग झोप लागली. मला दिसला होता, आई."

आणि पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलेला तो प्रश्न त्याला आठवला, आणि आपलं उत्तर, आणि मग ती किती वेळ आपल्याकडे बघत होती ते. ती त्याच्या तोंडून ऐकायला उभी होती. त्याने नाही म्हटलं होतं. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, मध्ये एक उंच पोरगा आला आणि ती दिसेनाशी झाली. तो गर्दीच्या कडेला जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. विटांतून ठोके त्याच्या पाठीत येत होते.

बाहेर अजून थोडा उजेड होता. तो फाटकापाशी थांबला होता. दोघं गर्दीतून येताना दिसली तेव्हा त्याने घाईघाईने उजवं बूच काढून खिशात टाकलं. डावं बोटांना सापडेना. थोरलीचे केस कपाळाला चिकटले होते आणि चेहरा मोकळा होता, कित्येक दिवसांत नव्हता इतका. "भूक लागलीय," ती म्हणाली. तिने गायकासारखं तोंड वेडंवाकडं करून दाखवलं आणि धाकटा हसून हसून वाकला. मग तिने बापाच्या पाठीत एक गुद्दा घातला, हलकाच. "रागावलास का रे? वरून ऐकू आलं का काही?"

"काही नाही," तो म्हणाला. "नुसता गोंगाट."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने मान हलवली. "पुढच्या महिन्यात अजून एक आहे. येशील? आणि खालीच उभा राहा. वर एकटा काय बसतोस?"

"येईन की," तो म्हणाला.

तिघं चालायला लागली. धाकटा पुढे, मनगटावरची पट्टी ओढून काढण्यासाठी ताईच्या हाताशी झोंबत. डावं बूच तसंच कानात रुतून होतं. ते तिला दिसू नये म्हणून घर येईपर्यंत तो तिच्या डाव्या बाजूने चालत राहिला.